मॉनिटरवरचं घोंगडं

आमच्या जतकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल. गेल्या उन्हाळ्यात माझ्या कोंबडीनं अंडी घातली ती उकडलेलीच. मीठ तेवढं वरनं लावावं लागलं. अशा उन्हात ज्योतिबाचा मॉनिटर मेला.

मेंढरं राखणाऱ्याला मॉनिटर कशाला, असं विचाराल. लांडगा यायला लागला म्हणून ज्योतिबानं मेंढवाड्यावर कॅमेरे बसवले आणि घरात मॉनिटर आणून ठेवला. एकदा पडद्यावर लांडगा दिसला तेव्हा ह्यानं घरातनंच अशी शिवी हासडली, की लांडगा ओशाळून परत गेला. हे तो सांगतो हं. मी सांगितलं असतं तर तुम्ही थाप म्हणाला असता.

"आवं तात्या, गेला की वो ह्यो!" ज्योतिबा मला म्हणाला. पडदा काळा, बटणावरचा दिवासुद्धा विझलेला.

त्याची सून राणी पुढं आली. लग्नाआधी सांगलीच्या आयटीआयमध्ये ती हीच दुरुस्ती शिकलेली. रस्त्याकडची पडवी दुरुस्तीच्या दुकानाला द्या, म्हणून कधीची मागं लागली होती. ज्योतिबाला तिथं कडबा ठेवायचा होता.

"मामंजी, मी बघू?"

"बघ. मेंढरं घरी यायच्या आत ह्यो उजाडला तर पडवी तुजी. न्हाई तर तितं कडबा, आन् दुकानाचं नाव परत काढायचं न्हाई."

"तात्या साक्षीला हायती," चुलीपासनं सुलाबाई, त्याची बायको, ओरडली.

"तात्या साक्षीला? मंग झालंच! ह्यास्नी खरं कोण मानतंय?"

राणीनं आधी मोबाईलचा चार्जर लावून प्लगमध्ये वीज आहे ना, ते बघितलं. मग मॉनिटरची वायर बदलली. काही नाही. मग स्क्रू काढून पाठ उघडली, तर आतनं लोकरच लोकर! त्या लोकरीची मी कानटोपी करून घेतली. खोटं वाटत असेल तर महाबळेश्वरला माझा मेव्हणा टॅक्सी चालवतो, त्याच्या डोक्यावर बघा.

"मेंढरं भाईर, लोकर आत कशी?" ज्योतिबा म्हणाला. राणीनं खुंटीवरच्या घोंगड्याकडं एकदा बघितलं आणि परत आत डोकावली.

"हात लावू नका. वायर काढली तरी ह्या मोठ्या कपॅसिटरात करंट दडून बसतो." तिनं बल्बच्या दोन तारा त्याच्या पायांना टेकवल्या. बल्ब डोळा मिचकावून विझला. मग मीटर लावला. फ्यूज शाबूत. मग, आत बिघाड असलाच तर झटका बल्बनं खावा म्हणून, वायरीत मधे तोच बल्ब जोडून वीज दिली, तर आतनं टिक टिक ऐकू यायला लागलं.

"पाल चुकचुकली," ज्योतिबा म्हणाला.

"पाल न्हाई, मामंजी. आतला सप्लाय हाय. नव्या कोकरावानी उठाय बघतोय, पर पाय टिकत न्हाईत."

कोकराचं नाव निघाल्यावर ज्योतिबा जवळ सरकला. वीज काढून राणीनं मोठा कपॅसिटर परत रिकामा केला आणि धाकटे दाखवले. त्यांची डोकी भाकरीसारखी फुगलेली. घरात बंद पडलेला टीव्हीचा एक सेटटॉप डबा होता, त्यातनं तसलेच चांगले काढून तिनं मापं जुळवली, उलटे बसू नयेत म्हणून पांढरी रेघ बघून कथलाचा नीट डाग दिला.

"थांब. चालू करायच्या आदी सांग," ज्योतिबा म्हणाला, "मेला कशानं?"

सुलाबाईचा हात परातीतच थांबला. घोंगडं ज्योतिबाच्या आईच्या हातचं. रोज सकाळी तो ते मॉनिटरवर पांघरायचा. रातभर जागलाय, झोपू दे बिचाऱ्याला, म्हणायचा. पण बटण बंद करायचा नाही. दिवा आपल्या हातानं कसा विझवायचा?

मी खाकरलो. "उंदीर—"

"तात्या, थांबा." राणीनं सासऱ्याकडं बघितलं. "घोंगड्यानं, मामंजी. तुमी मायेनं पांघरायचा, पर आत तो जागाच असायचा. भोकं बुजली, आन् आतल्या आत उकडला."

"म्हंजी मी मारला?"

"व्हय."

दारातली कोंबडीसुद्धा एका पायावर थांबली.

"आज ह्यो चालू हुईल," राणी म्हणाली, "पर परत पांघरलं तर परत मरंल. हे न सांगता पडवी घिऊन काय करू?"

तिनं वीज दिली. बल्ब भपकन पेटला आणि मंदावला. टिकटिक नव्हती. बल्ब काढून तिनं वायर सरळ जोडली. बटणावर दिवा आला, पडदा एक श्वासभर काळाच राहिला, आणि मग मेंढवाडा उजाडला. फाटकातनं मेंढरं नुकती आत शिरत होती.

"लंगडी आज सगळ्यांच्या म्होरं हाय," ज्योतिबा पडद्याला नाक लावून पुटपुटला.

मग उठला, खुंटीवरचं घोंगडं काढलं आणि पडवीत गेला. कडब्याच्या दोन पेंढ्या होत्या, त्या भिरकावल्या अंगणात. घोंगडं भुईवर अंथरलं.

"ह्ये हितं कशाला?" सुलाबाईनं विचारलं.

"गिऱ्हाईक बसंल कशावर?" म्हणून तो स्वतःच त्यावर बसला, आपला मुका रेडिओ मांडीवर घेऊन. "राणे, मी पयला हाय. हे तात्या मधी घुसतील, लक्ष ठिव."

मी माझी बंद पडलेली बॅटरी आणायला घराकडं पळालोच होतो. आता त्या पडवीपुढं रांग लागते. तिचं शेपूट पाटणपर्यंत जातं म्हणतात. मी मात्र एसटी स्टँडपर्यंतच बघितलंय. उगाच खोटं कशाला सांगू?