बारा इंची

चिमट्याने पेचकसाचं टोक बॅटरीच्या कडेखाली घातलं आणि तो जोर लावणार, तोच पलीकडच्या काउंटरवरून ताई किंचाळली.

"काढ तो पेचकस! काढ आधी! पुन्हा छत जाळायचंय का?"

त्याने हात मागे घेतला. छतावरचा काळा डाग अजून तसाच होता. मागे अशीच एक फुगलेली बॅटरी उचकटताना टोक आत रुतलं आणि टेबलावरून आगीचा फवारा उठला होता. पांढरा, फुत्कारणारा, पाण्याला न जुमानणारा. ताईच्या भुवया परत उगवायला बराच काळ गेला.

"चिकटून बसलीये मेली. हलायचं नाव घेत नाही."

"मग बसू दे. उद्या भंगारवाले येतील, त्यांच्या गळ्यात घालू. झाकण लाव आणि वाळूच्या पेटीत ठेव. विकायचा विचारसुद्धा करू नकोस."

"हा असा? मी काय वेडा आहे?"

"ते मला विचारू नकोस. मला खोटं बोलता येत नाही."

चिमटा हसला. खालचं झाकण बसवून तो एकेक स्क्रू फिरवू लागला. जीव जडावा असा लॅपटॉप होता. राखाडी, बारा इंची, हातात घेतला तर वहीचाच भास व्हावा. कुठल्याशा कचेरीत फार जपून वापरलेला. आत सगळं ठणठणीत. एवढी बॅटरी मात्र पोटात वारा धरल्यासारखी फुगून बसलेली. तिच्या दाबाने कळांखालचा बोट फिरवायचा पॅड वर उचलला गेला होता. कितीही दाबा, दगडासारखा घट्ट.

त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वळत नसत. अंगठा आणि शेजारचं बोट एवढ्या दोघांवर तो कारभार हाकायचा, आणि इतक्या सफाईने हाकायचा की बाजारात त्याला कोणी नावाने ओळखतच नव्हतं.

"मी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा प्रिंटर देऊन येते," ताई खोका उचलत म्हणाली. "गप्पा मारतील त्या. गिऱ्हाईक आलं तर भांडू नकोस."

ती गेली. चिमटा शेवटचा स्क्रू लावत होता, तेव्हा दारातून आवाज आला.

"सरक बाबा. सरक जरा."

उंबऱ्याशी पसरलेल्या कुत्र्याला कोणीतरी विनवत होतं. तान्ह्या बाळाला थोपटावं इतका मऊ आवाज.

चिमट्याच्या बोटांतून स्क्रू निसटून टेबलाखाली गेला.

हा आवाज त्याने पूर्वी एकदाच ऐकला होता. कारखान्याच्या दारात, काम बंद करून ते सगळे बसले होते त्या दिवशी. आतल्या साहेबांनी संप मोडायला बाहेरून माणसं आणली होती. लोखंडी गेट लावून घेऊ लागले तेव्हा चिमटा धावत गेला आणि त्याने गज धरले. तेव्हा त्याला चिमटा म्हणत नसत. गेटच्या पलीकडून एका दांडग्या माणसाने अगदी असंच, थोपटल्यासारखं म्हटलं होतं, "हात काढ बाबा. काढ हात." त्याने काढला नाही. गेट आलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग गेट पुन्हा उघडलं. हात सोडवायलाच उघडलं, असं त्याला वाटलं; वेदनेतसुद्धा माणूस माणसाकडून बऱ्याचीच आशा धरतो. गेट पुन्हा आलं. पहिला घाव रागाचा म्हणून कदाचित कधीतरी सोडून देता आला असता. दुसरा घाव समजूनउमजून घातलेला होता.

दांडगा खाली वाकून आत आला. केस पांढरे झाले होते. कान एका बाजूने चुरगळलेला. चिमट्याकडे पाहून ओळखीचं काहीच त्याच्या डोळ्यांत हललं नाही. का हलावं? मोडणाऱ्याने किती जण लक्षात ठेवायचे?

"मालक, लिनक्स नीट चालेल असा छोटासा लॅपटॉप हवाय. जुना चालेल."

चिमट्याने उजवा हात टेबलाखाली घेतला.

"कशासाठी?"

"शाळेच्या गेटवर असतो मी. तिथल्या कॉम्प्युटरच्या सरांनी नाद लावला. प्रयोगशाळेतली सगळी मशीनं विंडोजवर नाही, लिनक्सवरच आहेत, आता त्यांची देखभाल मीच बघतो. शिपायांमध्ये चेष्टा होते माझी, हत्ती कशिदा काढतोय म्हणून."

"गेटवर," चिमटा म्हणाला.

"हो बाबा. आजवर तेवढंच काम जमलं."

चिमट्याने वरच्या फळीवरचा एक जाडजूड लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"हा मांडीवर मावायचा नाही," दांडगा म्हणाला. "मला स्टुलावर बसून करायचं असतं."

"तुमच्या मांडीवर अख्खं दुकान मावेल."

सवयीने निघून गेलं तोंडून. दांडगा खदखदून हसला आणि त्या हसण्याने चिमट्याची कानशिलं तापली. याला मी हसवलं! गरम हवेचा झोत सोडणारी बंदूक त्याच्या डाव्या कोपराशी टांगलेली होती. शिसं वितळवते ती. एवढं बटण दाबायचं आणि त्या चुरगळलेल्या कानाखाली धरायची. कातडी आधी आकसेल, मग पांढरी पडेल. त्याने ते चित्र इतकं जवळून पाहिलं की जळका वाससुद्धा आला.

"जुन्याने फार छळलं," दांडगा सांगत होता. "झाकण मिटलं की झोपायचा आणि उघडलं की उठायचाच नाही. वायफाय तर मनात आलं तर. असलं नको. झाकण मिटलं की झोपला पाहिजे, उघडलं की उठला पाहिजे. बाकी वेग वगैरे मला नको. माझी बोटंच कुठे पळतात?" त्याची नजर टेबलावर थांबली. "तो राखाडी?"

सूड मोठा लाघवी असतो. आल्या आल्या घर मागत नाही. दारात उभा राहून नुसतं पाणी मागतो. चिमट्याला फक्त 'तो विकायचा नाही' एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला,

"आजच आलाय."

त्याने पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला आणि लिनक्स पडद्यावर येईपर्यंत खणातून एक माउस काढून जोडून दिला. त्यासाठी उजवा हात वर घ्यावाच लागला. दांडग्याने माउस हातात घेतला. त्याच्या मुठीत तो सुपारीसारखा दिसत होता. वायफाय लागलं. आवाज आला. झाकण मिटलं, लॅपटॉप झोपला. झाकण उघडलं, जागा झाला. दांडगा बराच वेळ खाली मान घालून बघत राहिला.

"घरी कोण कोण असतं?" चिमट्याने विचारलं. आपण हे का विचारतोय, हे त्याला नीट ठाऊक होतं. पोरबाळ निघू दे, म्हातारी आई निघू दे, म्हणजे नाही म्हणायला निमित्त मिळेल.

"कोणी नाही. एकटाच असतो."

"एकटेच?"

"टिकलं नाही कोणी. माझ्याजवळ कोण टिकणार?"

आता आडोसा उरला नाही. हा माणूस आणि आपण, मध्ये कोणी नाही. चिमट्याने किंमत सांगितली, पुऱ्या ठणठणीत लॅपटॉपची. दांडग्याने घासाघीस केली नाही. पिशवी काखेला लावून तो दारापर्यंत गेला, थांबला, काही बोलेल असं वाटलं, आणि गेला.

चिमटा बसून राहिला. त्याला ती खोली दिसू लागली. भिंतीला टेकून बसलेला दांडगा, मांडीवर लॅपटॉप, वायर लावलेली. डोळा लागलेला. आधी बारीकशी शिट्टी, कुकरची वाफ सुटावी तशी. मग फवारा. दोन्ही हातांनी तो लॅपटॉप दूर लोटू बघतोय आणि वितळलेलं प्लास्टिक बोटांना चिकटून येतंय. चिमट्याने ते पाहिलं आणि, खोटं का सांगा, त्याला बरं वाटलं. वर्षानुवर्षांचं काहीतरी सैल झालं. तो उठला, दार ओढून घ्यावं म्हणून पुढे झाला, तर कुत्रं पुन्हा उंबऱ्यात आडवं.

"सरक बाबा," तो म्हणाला. "सरक जरा."

आणि जागीच थिजला. किती मऊ म्हणाला होता तो. जराही न रागावता.

पुढच्या क्षणी तो कुत्र्याला ओलांडून धावत सुटला. रस्त्यात एका सायकलवाल्याला धडकला, शिव्या खाल्ल्या, थांबला नाही. चौकाच्या अलीकडे ती रुंद पाठ दिसली. त्याने मागूनच पिशवीला हात घातला आणि हिसडा दिला.

दांडग्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याचं शरीरच वळलं. चिमट्याला काही कळायच्या आत त्याचे पाय जमिनीवरून सुटले, पाठ उभ्या टेम्पोच्या पत्र्यावर आदळली आणि नरड्यावर पंजा आवळला. पत्रा घुमला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. मग दांडग्याला चेहरा दिसला आणि पंजा चटका बसल्यासारखा सुटला.

चिमटा खाली बसून खोकला. थुंकीत रक्त होतं. जीभ चावली गेली होती.

"बॅटरी," तो कसाबसा म्हणाला. "फुगलीये. पेटेल. दे इकडे."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तुम्ही माउस लावून दिलात तेव्हाच समजलं. लॅपटॉप विकताना कोण माउस जोडून देतं? मग हळूच पॅडवर बोट दाबलं. दबला नाही. शाळेतल्या दोघांच्या अशाच फुगल्या होत्या, मीच काढल्या."

रस्त्यावरची माणसं थबकून पाहू लागली होती. चिमटा टेम्पोचं चाक धरून उभा राहिला.

"मग घेतलास कशाला?"

दांडगा खाली बघत होता. चिमट्याच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

"तुम्ही देत होतात ना. म्हणून."

चिमट्याला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं आणि त्याच्या डोक्यात जाळ उठला. इतकी वर्षं उराशी धरून ठेवलेला एकुलता एक सूड, आणि तोही या माणसाने भिक्षा घालावी तसा घेऊ दिला! त्याने मूठ वळायला पाहिलं, ती वळली नाही. तसाच अर्धा उघडा हात त्याने दांडग्याच्या तोंडावर हाणला. ताठ बोटं गालफडाच्या हाडावर आपटली आणि कळ खांद्यापर्यंत गेली.

"देतोय ना मी? घे मग! हेही घे!"

त्याने पुन्हा मारलं. नाकातून रक्ताची धार लागली, ओठांवरून हनुवटीवर आली. पुन्हा. दांडग्याचे हात बाजूला लोंबत होते. पंजे आवळायचे, सुटायचे, पण वर आले नाहीत. चौथ्यांदा हात उचलला तेव्हा दुखण्याने चिमटाच कण्हला आणि हात पोटाशी धरून वाकला.

"मी माफी मागायला आलो नव्हतो," दांडगा नाक पुसत म्हणाला. "खोटं कशाला बोलू? लॅपटॉपच घ्यायला आलो होतो. हात मग दिसला."

"अरे! अरे, हे काय चाललंय!"

ताई गर्दीतून वाट काढत आली. तिने दांडग्याचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, भावाच्या गळ्यावरचे वळ पाहिले, आणि खाली पडलेली पिशवी उचलून आत डोकावली. राखाडी कड दिसताच तिचा चेहरा उतरला.

"हा विकलास? हा? भंगारात काढलेला?"

चिमट्याने दुखरा हात आणखी पोटाशी ओढला.

"आणि वर त्यांनाच मारतोस?" तिने दांडग्याकडे वळून हात जोडले. "दादा, माफ करा हो. फार मोठा गुन्हा झाला आमच्याकडून. असा नाहीये माझा भाऊ. पूर्वी कोणा हरामखोराने त्याचा हात चिरडला, तेव्हापासून कधीकधी भान सुटतं त्याचं. त्याच्या वतीने मी तुमच्या पाया पडते."

ती खरोखरच वाकली. दांडगा दोन पावलं मागे सरकला. मार खाताना न हललेला तो माणूस टेम्पोला पाठ लावून आक्रसला. त्याने चिमट्याकडे पाहिलं. पत्र्यावर आदळताना चिमट्याच्या डोळ्यांत जे असेल, ते आता याच्या डोळ्यांत होतं.

एक वाक्य पुरे होतं. ताईला एवढं सांगायचं होतं की हाच तो.

"ऊठ ताई," चिमटा म्हणाला. "गिऱ्हाईक आहे. लॅपटॉप बदलून द्यायचाय."

दुकानात ताईने पिशवी हात लांब धरून नेली आणि वाळूत पुरली. मग कापूस आणला, पाणी आणलं. दांडगा उंबऱ्याबाहेरच उभा होता. ती आग्रह करत राहिली, तो मान हलवत राहिला. चिमट्याने वरच्या फळीवरून दुसरा बारा इंची काढला, डाव्या हाताने धूळ पुसली आणि पेनड्राइव्ह लावला. उजवा हात सुजू लागला होता. तो त्याने टेबलावर, उजेडात ठेवला.

"आत या," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "याचं वायफाय थोडं हट्टी आहे. ते कसं वठणीवर आणायचं, दाखवतो."

बराच वेळ दार अडलेलंच राहिलं. मग उजेड मोकळा झाला आणि टेबलापुढचं स्टूल करकरलं.