बोलण्याला घातलेला टाका

दुपारची गिऱ्हाइकं ओसरली की लाँड्रीच्या काउंटरवर कोर्ट भरायचं. आरोपी एकच, आणि तोही गैरहजर: पारवा नावाचा गाणारा. गाणी स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो आणि रडतोही स्वतःच, असं मालकीणबाईंचं म्हणणं. त्याच्या बाजूने वकील दोन. एक शेजारच्या पार्लरमधली पोरगी, दुसऱ्यांच्या भुवया कोरता कोरता स्वतःचे डोळे भरून घेणारी. दुसरा बँकेतला कॅशियर, पन्नाशीला टेकलेला बाप्या. पांढरे शर्ट टाकायला यायचा आणि जेवणाची सुट्टी इथेच घालवायचा. तिसरी चाहती घरचीच, मालकीणबाईंची सून. ती बोलायची कमी. मागे स्टुलावर बसून कपड्यांना खुणेचे टाके घालायची आणि त्या दोघांचं ऐकून हसायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला खळखळून हसताना मालकीणबाईंनी पाहिलं ते या दोघांसमोरच.

"मावशी, पुरुषाने भीती वाटते म्हणायला छाती लागते," कॅशियर म्हणायचा.

"छाती आहे तर भीती कशाला वाटते?"

"आजी, तुम्ही एकदा नीट ऐका तरी त्याला!" पार्लरवाली म्हणायची.

"दिवसभर रेडिओवर वाजतोय, ऐकू नको तर काय करू? कान काढून ठेवू?"

एवढंच. गिऱ्हाइकासमोर मालकीणबाई तोंड आवरून बोलायच्या, धंद्याची तेवढी रीत त्या पाळायच्या. आवरलेलं सगळं निघायचं ते दोघं गेल्यावर, घरच्यांसमोर. घरचे म्हणजे सून, डिलिव्हरीची गाडी चालवणारा मुलगा, आणि इस्त्रीवाले भाऊ. भाऊंना ऐकू कमी यायचं, पण टोमणा मात्र भिंतीपलीकडून यायचा.

तर एके दुपारी कॅशियर लालबुंद होऊन आला.

"आज पुन्हा लिहिलंय त्या मेल्याने! कोरडे डोळे!"

"कुणाचे डोळे?"

"नाव घेतलंय त्याने तसं. फोनवर पारव्याच्या प्रत्येक गाण्याखाली येतो आणि घाण करून जातो. खरं नाव नाही, फोटो नाही. आज काय लिहितो, ऐका. 'याचं गाणं म्हणजे न पिळलेली चादर. दोरीवर टाकली की खालून जाणाऱ्याला अंघोळ.' आणि हजारो लोकांनी याला पसंतीचा अंगठा दिलाय, मावशी! हजारो लोकांनी!"

पार्लरवाली दातओठ खाऊ लागली. मालकीणबाई मात्र हातातली उशीची खोळ घडी करायची विसरल्या. न पिळलेली चादर. हे त्यांचंच. परवा सकाळी चादरी वाळत घालताना त्यांच्याच तोंडून निघालेलं, जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता.

आधी त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला. शाळा त्यांनी पाटी फुटली तेव्हा सोडली होती, आणि आता त्यांचं वाक्य हजारो लोक वाचत होते. "मागचंही काही असेल ना त्याचं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. कॅशियरने आणखी वाक्यं वाचून दाखवली. कांजीचं होतं, फाटलेल्या खिशाचं होतं. सगळा माल घरचा. मग मात्र त्यांचं डोकं तापलं. कपडा हरवला तर गिऱ्हाईक छातीवर बसतं, आणि माझं बोलणं पळवून कुणी परस्पर मिरवतंय, त्याचं काय?

पळवणार कोण? ऐकणारी माणसं तीन. भाऊंना फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू, पण त्यांचा नातू हुशार. सून तर त्या पारव्याची भक्त, ती कशाला लिहील? उरला मुलगा. बायको दिवसभर परक्या पुरुषाचं गाणं गुणगुणते, याचा त्याला राग येत असणार. बापासारखाच आतल्या गाठीचा. मालकीणबाईंनी मनात त्याला दोषी ठरवूनही टाकलं.

पण लाँड्रीचा नियम असा की नुसत्या संशयावर कपडा कुणाला द्यायचा नाही. प्रत्येक घराच्या कपड्यांना कॉलरच्या आत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका असतो. शंभर पांढरे शर्ट एकत्र उकळून काढा, टाका बघितला की मालक सापडतो. मालकीणबाईंनी ठरवलं, आता बोलण्यालाच टाके घालायचे.

मुलगा गाडीत गठ्ठे भरत होता, तेव्हा त्याच्या कानाशी म्हणाल्या, "त्या पारव्याचा गळा म्हणजे लोंबलेलं इलॅस्टिक. ताणलं तर तुटतं, सोडलं तर लोळतं." मुलगा "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच हं म्हणायचा.

भाऊंच्या टेबलापाशी जाऊन ओरडल्या, "याचं दुःख म्हणजे कच्चा रंग हो! पहिल्या धुण्याला सगळी बादली लाल, दुसऱ्या धुण्याला काही नाही!" भाऊ हसता हसता एक बाही करपवून बसले.

सुनेसाठी वेगळं वाक्य काढायला त्यांनी फार डोकं चालवलं नाही. तिच्यावर संशयच नव्हता, पण तिघांना तीन टाके हवेत म्हणून हवेत. रेडिओवर पारव्याचं ते गाजलेलं गाणं चाललं होतं, दाराबाहेर उभं राहून कुणाला तरी हाका मारायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढा थोरला बाप्या, कायम दार उघडा दार उघडा करत उभा. अरे, कडी आतून आहे की तूच बाहेरून घातलीस, ते तरी बघ." सून सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दुपारी कॅशियर आला तो शर्ट न घेताच. पार्लरवाली त्याच्या मागे, डोळे सुजलेले.

"संपलं, मावशी. त्याने गाणं थांबवलं."

"कुणी?"

"पारव्याने! सकाळी फोनवरून थेट सगळ्यांसमोर बोलत होता. नवं गाणं गाणार होता आज. मध्येच त्या कोरड्या डोळ्यांचं वाचायला लागला. 'कडी आतून आहे की तूच बाहेरून घातलीस, ते तरी बघ.' वाचलं आणि गिटार मांडीवर घेऊन नुसता बसला. मग म्हणाला, मलाही माहीत नाही. ते कळेपर्यंत गाणार नाही. आणि बंदच केलं."

मालकीणबाईंनी मागे पाहिलं. सून कॉलरला टाका घालत होती. एकावर एक, त्याच जागी, चार-पाच टाके झाले तरी घालतच होती.

त्यांना काही उमजेना. मुलासाठी शिव्यांचा साठा जय्यत तयार होता, आता तो कुणावर रिकामा करायचा? आणि जी बाई त्याचं गाणं लागलं की मशीनचा आवाज बंद करायला धावते, तीच त्याला सुया टोचते? हा कुठला न्याय?

दोघं गेल्यावर त्या गच्चीत गेल्या. सून दोरीवरचे टॉवेल काढत होती.

"तूच ना?"

सुनेने टॉवेल छातीशी धरला. "हो."

"अगं, का? तुला तो आवडतो ना?"

"आवडतो."

"मग?"

"मी त्याला किती गोड गोड लिहिलं, आई. वर्षभर. तशी लाखभर माणसं लिहितात, त्याने कधी बघितलं नाही. एकदा गंमत म्हणून तुमचं वाक्य टाकलं. त्याने लगेच उत्तर दिलं. 'लागलं', एवढंच. पण मला, मला दिलं."

"म्हणून रोज लावत सुटलीस?"

"गोड बोलणाऱ्याकडे बघतं कोण?" सून म्हणाली. "आपल्या घरात तरी..." आणि पुढचं गिळून टॉवेल घडी करू लागली.

आपल्या घरात तरी काय? मालकीणबाई ते अर्धं वाक्य घेऊन जिना उतरल्या. हा टोमणा होता की कौतुक? सुनेने आपली जीभ उचलली म्हणून रागवायचं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आपलं घेतलं म्हणून... छे. आणि शेवटचं वाक्य तर सापळ्यातलं होतं. त्यांनी स्वतः विणलेलं, चोर पकडायला. पकडायचा होता चोर, आणि लंगडा झाला कुठला कोण गाणारा, ज्याचं त्यांनी पाणीही प्यायलं नव्हतं.

पुढच्या दिवशी कोर्ट भरलं ते वेगळंच. कॅशियरच्या हातात फोन आणि चेहऱ्यावर फौजदारकी.

"आमच्या चाहत्यांच्या ग्रुपने छडा लावायचं घेतलंय. त्याचं सगळं एकत्र करून पाहिलं. चादर, कांजी, पिळणं, दोरी. हा माणूस धुण्याच्या धंद्यातला असणार!"

"शहरात लाँड्र्या काय कमी आहेत?" मालकीणबाई म्हणाल्या.

"पण आजी," पार्लरवाली हळूच म्हणाली, "ते कडीचं वाक्य त्या दिवशी दुपारी पडलं. आणि मी तेव्हा इथे सेफ्टीपिन मागायला आले, तर ही मागे फोनवर काहीतरी..." तिची नजर सुनेकडे वळली. वळली आणि तिथेच राहिली. सुनेचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा पडला. हातातला दोरा सुटून खाली गेला.

दोनच माणसं होती तिला हसवणारी. दोन्ही आता समोर उभी होती आणि हसत नव्हती.

"तिच्याकडे काय बघतेस?" मालकीणबाई काउंटरवर हात आपटून म्हणाल्या. "मी आहे ते. कोरडे डोळे."

मग कॅशियर असा हसला की चष्मा निसटला. "मावशी, तुम्हाला फोनचं कुलूप उघडता येत नाही!"

"परवा तुम्ही माझ्या फोनवरून चुकून अग्निशमन दलाला फोन लावला होतात," पार्लरवालीही हसली.

मालकीणबाईंचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. खरं कबूल करावं, आणि समोरच्याने दात काढावेत? त्या काउंटरच्या बाहेर आल्या.

"हसता? मग ऐका. अहो कॅशियर, तुमचं प्रेम म्हणजे भाड्याचा कोट, लग्नापुरता अंगावर, खिसे बघावेत तर शिवलेलेच! आणि तू गं? तुझे अश्रू म्हणजे नळाचं शेवटचं पाणी, आवाजच फार! आणि तुमचा पारवा? बाई रडली तर हिची नाटकं म्हणतात. आम्ही रडलो ते उशीत तोंड घालून, सकाळी ती खोळ आम्हीच धुतली. हा रडतो, तर तिकिटं लागतात! मग येणार नाही राग?"

पार्लरवाली एक पाऊल मागे सरकली. हा आवाज ती दोघं ओळखत होती, महिनोन्महिने वाचत होती.

"बाप रे," कॅशियर पुटपुटला. "आजवर आमच्याशी सोज्वळ बोलत होतात तुम्ही."

"गिऱ्हाईक होतात ना."

भाऊंनी मान हलवली. त्यांना यातलं किती ऐकू आलं देव जाणे.

मालकीणबाई पुन्हा काउंटरमागे गेल्या. सुनेला वाचवायला म्हणून तोंड उघडलं होतं. ती उशीची खोळ मध्येच कुठून आली? ती कुणाला सांगायची नव्हती. सून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचं बघणं त्यांना नीट वाचता येईना.

दोघं त्या दिवशी लवकर गेली. जाताना पार्लरवाली सुनेजवळ थांबली, "सॉरी गं," म्हणाली, आणि खाली पडलेला दोरा उचलून तिच्या हातात दिला.

संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर सून फोन घेऊन आली.

"आई, तुम्ही दुपारी बोललात ना रडण्याचं, उशीच्या खोळीचं... मी ते लिहिलं. खाली लिहिलं, हे सगळे शब्द एका आजीचे आहेत, पोचवणारी मी."

"विचारायचं तरी!"

"त्याने उत्तर दिलंय."

"लागलं म्हणतोय?"

"नाही." सुनेने वाचलं. "'आजी, मग मी काय करू?'"

मालकीणबाईंना आयुष्यात लोकांनी खूप काही विचारलं होतं. डाग जाईल का, कपडे कधी मिळतील, इतकं तोडून का बोलता. मी काय करू, हे कुणी विचारलं नव्हतं. मुलाने नाही, त्याच्या बापाने तर नाहीच. गा म्हणावं? गाऊ नको म्हणावं? दार उघड म्हणावं, तर ते कुठलं दार, त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? ते वाक्य त्यांनी नुसतं एक खूण म्हणून केलं होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "लिही, म्हणावं..."

सून फोनवर बोट धरून थांबली.

"थांब." त्यांनी समोरचा शर्ट उचलला, कॉलर उलटी केली. एकाच जागी चार-पाच टाके, गाठोडं झालेलं. नखाने एक सोडवून पाहिला. सुटेना.

"आई, तो वाट बघत असेल."

"लिही, म्हणावं मलाही माहीत नाही."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "खरंच असं लिहू? तुमच्या नावाने?"

"मग काय शेजारणीच्या?" मालकीणबाई खेकसल्या. पण आवाज हवा तसा निघाला नाही. त्यांनी स्टूल ओढलं, सुनेशेजारी बसल्या, आणि चष्मा चढवून फोनकडे बघत राहिल्या.