तीन डाखांचं शिंग

मी एक जुनं पितळी शिंग आहे, मित्रांनो. पण जुनं म्हटलं म्हणून लगेच मला मोडीत काढायला निघू नका. अजूनही मी मनापासून वाजलो, तर नीरा नदीच्या पलीकडच्या रानात चरणारी गुरं माना वर करतात. ही बढाई नाही. बरं, थोडी बढाई आहे, पण खरी आहे!

मला पुण्यातल्या एका तांबटानं घडवलं. हातोडीचे घाव मोजायचे मी पहिल्याच दिवशी सोडून दिले. पत्रा गोल केला, दोन तुकडे जोडले, बैलाच्या शिंगासारखा डौलदार बाक दिला आणि चिंचेनं घासून असं चकचकीत केलं की मीच माझ्यावर भाळलो. मग सारोळ्याजवळच्या एका वाडीनं मला भैरोबासाठी आणलं. तेव्हापासून मी भैरोबाचं शिंग.

आता आमच्या वाडीची रीत ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. आमचं देऊळ खोलगट जागी आहे. चैत्रातल्या जत्रेला पालखी सतरा पायऱ्या चढून वर येते. पहिल्या पायरीला शिंग तोंडाला लागलं, की शेवटच्या पायरीपर्यंत सूर तुटता कामा नये. एका दमात सतरा पायऱ्या! भोई पळत चढतात, गुलाल उडतो, आणि मी त्या सगळ्यांच्या वर घुमत असतो. काय सांगू, वर्षभर मी त्या एका मिनिटासाठी जगतो.

मला वाजवायचा मान आधी कोंडिबाचा होता. तो थकल्यावर मान त्याच्या मुलाकडे, रोहिदासकडे आला. रोहिदास म्हणजे भरदार छातीचा गडी. देवाचं शिंग तोंडाला लावायचं म्हणून त्यानं जन्मात कधी विडी ओढली नाही की तंबाखू मळली नाही. पहिल्या जत्रेला तो सतरा पायऱ्या चढून वर आणखी दहा पावलं वाजवत गेला. मी तर हरखून गेलो. पालखीचा मानकरी चिमाजी आबा कधी कुणाला चांगलं म्हणत नाही, तोही म्हणाला, "लेका, बापाच्या वरताण निघालास!"

शेतीवर भागेना, तेव्हा रोहिदासनं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान टाकलं. पत्र्याची टपरी, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि टायरची उतरंड. धंदा लागला. सकाळी गेलेला रोहिदास दिवेलागणीला परत यायचा. रुमालात शिंकरला तर रुमाल काळा. त्याची बायको अश्विनी तो रुमाल धुताना रोज कटकट करायची, पण धूळच असेल म्हणून सोडून द्यायची.

अशी बारा वर्षं गेली. मग एका जत्रेला चौदाव्या पायरीवर माझा आवाज चिरकला. पुढच्या वर्षी बाराव्या पायरीवर. त्याच्या पुढच्या वर्षी तर दहाव्या पायरीवर मी मुकाच झालो, आणि पालखी मुक्यानं वर गेली.

आता तुम्हीच सांगा, दोष कुणाचा ठरला असेल? माझा! चिमाजी आबानं पहिल्याच वर्षी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "शिंग फुटलंय. वारा गळतोय." झालं! कासाराकडं नेऊन मला डाख लावला, म्हणजे कथलाचं ठिगळ. फरक पडेना, तेव्हा दुसरा लावला. मग तिसरा. कुणी म्हणालं आत गांधीलमाशीनं घर केलंय, तर माझ्या पोटात तार घालून खरवडलं. कुणी माझ्यावरून मीठमिरची उतरवून टाकली. म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला सुळी, तशी माझी गत झाली.

आणि खरं सांगू? मीही काही शहाणा नव्हतो. रोहिदासचा श्वास माझ्याच पोटातून जायचा. तो पूर्वीसारखा भरून येत नव्हता, त्यात बारीक शीळ घातल्यासारखा आवाज होता, डिझेलचा वास होता. हे सगळं मला कळत होतं. पण मला वाटायचं, हा गडी आळशी झाला, मन लावून फुंकत नाही. मला त्याचा राग यायचा.

शेवटी वाडीनं नवं शिंग आणलं. सोन्यासारखं झळाळणारं, तोऱ्यात मिरवणारं. मला देवळात दाराजवळच्या कोपऱ्यात मोडीच्या भांड्यांवर टाकलं. माघातल्या एका सकाळी नव्या शिंगाची चाचणी ठरली. सगळी वाडी पायऱ्यांवर जमली. जत्रेतल्यासारखंच चढत वाजवायचं होतं. रोहिदासनं छाती भरून घेतली, नवं शिंग तोंडाला लावलं आणि निघाला.

एक, दोन, तीन... मी कोपऱ्यातून पायऱ्या मोजत होतो. सहा, सात, आठ. नवव्या पायरीला नवं शिंग चिरकलं आणि बंद पडलं!

मित्रांनो, मला हात असते तर मी टाळ्या पिटल्या असत्या! बघा, दोष माझा नव्हता! मी आनंदानं नुसता थरारत होतो. मग मला रोहिदासचा खोकला ऐकू आला. तो पायरीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. नवं शिंग त्याच्या मांडीवरून घरंगळलं, तरी कुणी उचललं नाही. माझा आनंद जागच्या जागी विझला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अश्विनी गर्दीतून पुढं आली. "शिंग न्हाई वो आबा फुटलेलं," ती म्हणाली. "माझा माणूस फुटलाय. तीन वर्सं तुमी पितळंला ठिगळं लावताय."

चिमाजी आबा देवळात शिरला. तो कोपऱ्यात आला, मला उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि अश्विनीच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं भोरच्या दवाखान्यात गेलो. हो, मीसुद्धा! अश्विनीनं मला पोत्यात घालून बरोबर घेतलं, डॉक्टरीणबाईंना दाखवायला, की हे फुंकणाऱ्याची छाती काय असते ते बघा. डॉक्टरीणबाई मला बघून हसल्या. मग त्यांनी रोहिदासला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. यंत्रावर रेघ उमटली. ती बघून त्यांचं हसू गेलं.

"विडी किती वर्षं ओढता?"

"देवाचं शिंग हाय बाई. तोंडाला बी लावली न्हाई कदी."

"मग काम काय करता?"

"हायवेला पंक्चर काढतो. सकाळपासनं दिवेलागणीपतूर, पंधरा वर्सं झाली."

"टायर काढताना गाडी बंद असते का?"

रोहिदासला हसूच आलं. "ट्रकवाले कुठं बंद करत्यात! आन् कारवाल्यांना एसी लागतो. आमी खाली बसून काम करायचं, त्यांचं चालूच."

"म्हणजे सायलेन्सर तुमच्या तोंडापाशी. रोज दहा-दहा तास, पंधरा वर्षं." त्या थांबून म्हणाल्या, "तुमच्या छातीतल्या नळ्या आक्रसल्यात, रोहिदास. धुरानं. रुमाल बांधून हा धूर अडत नाही, तो फार बारीक असतो. औषधाचा पंप देते, तो रोज ओढायचा. नीट मास्क लावायचा. आणि चालू गाडीच्या मागं बसायचं नाही. गेलेला सगळा दम परत येणार नाही. आहे तेवढा राखू."

"आन् शिंग?" रोहिदासनं हळूच विचारलं.

"वाजवा, पण बेतानं. दम लागला की थांबायचं. एका दमाचा हट्ट सोडायचा."

परतीच्या एसटीत रोहिदास पोत्यावरूनच माझे डाख चाचपत बसला. सूर तुटला की मान गेला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दुकानावर मात्र धमाल उडाली! अश्विनीनं पाटी लावली, 'आधी गाडी बंद करा'. पण पाटी वाचतो कोण? पहिलाच ट्रकवाला इंजिन धडधडत ठेवून वर मोबाईल बघत बसला. रोहिदासनं हाका मारल्या, त्या कॉम्प्रेसरच्या आवाजात बुडाल्या. अश्विनीनं काय करावं? भोरहून आल्यापासून मी दुकानातच पोत्यात पडून होतो, तिनं मला बाहेर काढलं, केबिनखाली उभी राहिली आणि फुंकलं! तिनं जन्मात कधी शिंग वाजवलं नव्हतं. म्हैस रेकावी तसा आवाज निघाला, पण काय मोठा! ड्रायव्हरच्या हातातला मोबाईल खाली पडला.

"गाडी बंद करा दादा!" ती ओरडली. "माझ्या मालकाच्या छातीत जातोय तुमचा धूर!"

त्यानं किल्ली फिरवली आणि खाली उतरून खोकणाऱ्या रोहिदासकडं पाहत राहिला. "आमच्या गॅरेजचा म्हातारा असाच खोकायचा," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून मी टपरीच्या खिळ्यावर लटकलो. काहीजण रागानं पंक्चर न काढताच निघून गेले. तीन टायर फुटले तरी तोरा जात नाही काहींचा! पण पुष्कळांनी ऐकलं. चिमाजी आबा एकदा कुरकुरला, "देवाचं शिंग, आन् बाईमाणसानं ट्रकवर वाजवायचं?" अश्विनी म्हणाली, "मग या की तुमी वरडायला." तो खरंच आला! दोन दिवस काठी आपटत ट्रकवाल्यांवर ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याचाच घसा बसला, डोळे चुरचुरले. संध्याकाळी तोंड पुसून काळा झालेला पंचा तो कितीतरी वेळ बघत बसला होता.

आणि चैत्र आला! ढोल घुमले, गुलाल उधळला, पालखी देवळातून बाहेर आली. रोहिदासनं नवं शिंग बाजूला सारून मला हातात घेतलं. भोई पायरीशी सरसावले, पुढचा दांडा चिमाजी आबाच्या खांद्यावर. रोहिदासनं श्वास घेतला आणि मी वाजलो! एक, दोन, तीन, चार... मी जीव तोडून घुमत होतो, त्याच्या श्वासाचा प्रत्येक कण आवाजात लावत होतो. आठ, नऊ. दहाव्या पायरीवर त्याच्या छातीत ती शीळ सुरू झाली. त्याला अजून एक पायरी ओढता आली असती, कदाचित दोन. पण त्यानं मला ओठांवरून खाली घेतलं.

ढोल थांबले. भोयांचे पाय पुढं पडणार, इतक्यात चिमाजी आबानं दांडा घट्ट धरला.

"थांबा रं," तो म्हणाला. "त्याला दम घिऊ द्या."

"आबा, सूर तुटला," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुटू दे. देव काय त्याला टाकून वर जानार हाय व्हय?"

आणि पालखी थांबली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा भैरोबाची पालखी पायऱ्यांच्या मध्यावर उभी राहिली, एका पंक्चरवाल्यानं श्वास घ्यावा म्हणून! रोहिदासचे डोळे भरून आले. त्यानं सावकाश, पोटभर श्वास घेतला. कुणी घाई केली नाही. मग त्यानं मला पुन्हा उचललं, आणि उरलेल्या सात पायऱ्या आम्ही नदीपल्याड ऐकू जाईल असे वाजलो.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुम्ही गाडीत वर बसलेले असता, तुम्हाला खालचं दिसत नाही. म्हणून घरच्या मोठ्यांना तुम्हीच सांगा, गाडी उभी राहिली की किल्ली फिरवा. तिच्या मागं कुणीतरी गुडघ्यावर बसून तुमचं चाक काढत असतं, आणि त्याला श्वास घ्यायचा असतो.