पारावरचं हसणं

सकाळी भाकऱ्या थापता थापता तानुबाईला घेरी आली आणि तव्यावरची भाकरी करपली. सासू बनाबाईने उलथनं हाती घेतलं. सात बाळंतपणं, त्यांतली पाच लेकरं जगलेली. तिशीच्या आतच तानुबाई भिंतीला धरून चालत होती. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, दयारामला, समोर बसवून बजावलं होतं, "आठवं बाळंतपण हिला सोसणार नाही. अंगात रक्त नाही, म्हणून हिचं ऑपरेशनही करता येत नाही. तुमचं होईल; तासाभराचं काम." दयाराम कबूल झाला होता. आज देऊळघाटच्या शाळेत नसबंदीचं शिबिर होतं.

घरासमोरच गावचा पार. तिथं तानुबाईचा थोरला दीर उकंडराव चार माणसांत बसला होता. धाकटा भाऊ धुतलेलं धोतर नेसून निघालेला पाहताच तो ओरडला, "काऊन बे, खच्ची व्हाले चालला का? उद्या लुगडं नेस अन् जा पाण्याले!"

पार खदखदून हसला. दयाराम माघारी फिरला आणि मान खाली घालून ओसरीवर बसला.

"मले मर्द नाही म्हंतीन लोक," तो पुटपुटला.

भांडायचं त्राण तानुबाईत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सात खेपा मरनाच्या दारातून आली मी. तुमाले चार मानसाचं हासनं सोसत नाही?"

बनाबाईने चूल तशीच सोडली, पदर खोचला आणि लेकाचा हात धरला. "ऊठ. मी येतो संग."

पाराशी ती थांबली. "उकंड्या, तुही बहीन, माही लेक, बायंतपनात गेली. वर्साच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरी केली. तो तुह्या लेखी मर्द, नाही का?"

उकंडरावने मान फिरवली. मायलेक पुढे गेले, तसं मागून कोणीतरी हसलंच.

दारातून हे पाहताना तानुबाईला ना हसू आलं, ना रडू. तिला नुसती झोप आली. तिथंच भुईवर ती आडवी झाली.

पुढं कित्येक वर्षं गाव दयारामला 'बायल्या' म्हणत राहिलं. थोरल्या लेकाच्या लग्नाच्या पंगतीतही ते कोणीतरी बोललंच. त्या पंगतीत तानुबाई आपल्या हातानं वाढत होती, जित्तीजागती. त्याबद्दल मात्र कोणाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.