सहा मिनिटांची चाल

माझ्या हृदयाच्या धमन्यांत दोन स्टेंट बसवले, त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून मी घरात शोभेची वस्तू आहे. पन्नास वर्षं सुतारकाम केलं, आणि आता पाण्याचा तांब्या उचलला तरी सूनबाई धावत येते. खालच्या माझ्या कारखान्याला कुलूप, किल्ली मुलाच्या खिशात. "डॉक्टरांनी सांगितलंय," एवढंच तो म्हणायचा. डॉक्टरांचं नाव निघालं की मी तोंडातून ब्र काढत नसे. तिथेच चुकलो.

आज तपासणीला त्यानं मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. नर्सबाईंनी फाइल उघडली आणि हसल्या.

"आजोबांचं तर छान चाललंय! दर महिन्याला फोनवर विचारतो ना आम्ही. मन प्रसन्न, रोजची कामं सुरू."

"मला कुणाचाच फोन आला नाही."

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. नंबर त्याचा दिलेला होता. पाच महिने माझं सुख हा शहाणा ऑफिसात बसून सांगत होता! तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसली रोजची कामं रे? बसायचं की झोपायचं?"

"आधी चालून दाखवा, मग भांडा," बाई म्हणाल्या. या तपासणीसाठीच बोलावलं होतं. सहा मिनिटं, वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमेल तितक्या वेळा. मी चाललो ते रागानंच. ना धाप लागली, ना छातीत कळ आली.

बाई अंतर लिहिता लिहिता थांबल्या. "मग काम का नाही सुरू केलंत? घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, सहा आठवड्यांनी हळूहळू सुरू करा म्हणून."

तो कागदही मुलाकडेच होता.

"किल्ली दे," मी हात पुढे केला.

"उपयोग नाही, बाबा. गेल्या आठवड्यात कारखान्यातलं सगळं सामान एका सुतारकामाच्या शाळेला देऊन टाकलं."

"माझे रंधे?"

"रंधे, पटाश्या, सगळंच."

डॉक्टरांनी मला जगवलं आणि माझ्या पोटच्या पोरानं माझं जगणं वाटून टाकलं. मला न विचारता! मेलेल्या माणसाचे कपडे देतात तसं. बाईंसमोर मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

 तो एकदम फुटला. "भुशात पालथे पडला होतात तुम्ही! मी उताणं केलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मला नाही बघवणार ते पुन्हा."

खोटं नव्हतं ते. जीव आहे त्याचा माझ्यावर. म्हणून तर जास्त संताप आला. परक्यानं केलं असतं तर पोलिसांत गेलो असतो.

"मग बघू नकोस," मी म्हणालो. "शाळेचा पत्ता सांग."

त्यानं सांगितला. "मी सोडतो तुम्हाला."

"नको."

मी जिना उतरून रस्त्याला लागलो. तो वर रडत असणार. रडू दे.