माझा मका, काकूंचा तळहात

आधी मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? रोज ठरल्या वेळी, न चुकता, गुपचूप पोटाला घालणाऱ्यावर, की अधूनमधून येऊन लाडानं नुसती हाक मारणाऱ्यावर? घाई नाही, सावकाश सांगा. मी इथून कुठं जात नाही. माझे तिन्ही पाय जमिनीत ठोकलेले आहेत.

मी मक्याचा फीडर बोलतोय. म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं पत्र्याचं पिंप. बुडाखाली एक चकती, चकतीला मोटर, मोटरला बॅटरी, आणि कधी फिरायचं ते ठरवणारा टायमर. सकाळ-संध्याकाळ माझी चकती घर्रर्र करून फिरते आणि दाणे चौफेर उडतात. तो आवाज आला की हरणं येतात. हाच माझा धंदा. उधारी नाही, घासाघीस नाही, आणि गिऱ्हाईक कधी शेजारच्या दुकानात जात नाही. निदान मी तसं समजत होतो.

मला विकत घेतलं ते डगनं. शेतीसामानाच्या दुकानात त्यानं माझ्या पोटावर टिचक्या मारून पाहिल्या, कलिंगड घेताना मारतात तशा, आणि मला विस्कॉन्सिनमधल्या आपल्या हरणांच्या फार्मवर आणलं. या फार्मला दोन बाजू आहेत. पुढं रस्त्यालगत छोटं कुंपण. तिथं पाहुणे येतात, पोरं हरणांना खाऊ घालतात, फोटो काढतात. मागं डोंगरउतारावर मोठं रान, त्याला माणसापेक्षाही उंच जाळी. पुढच्या पाहुण्याला मागचं रान दिसत नाही. चांगल्या चालणाऱ्या बऱ्याच दुकानांची मांडणी अशीच असते.

मी मराठी कुठं शिकलो म्हणाल तर शेजारच्या राज्यातल्या शॉमबर्गच्या शुभाकाकूंकडून. शाळा अशी नाहीच. उभ्या उभ्या ऐकत गेलो. काकू मूळच्या नागपूरच्या. पानं रंगलेली बघायला म्हणून नवऱ्याबरोबर, श्रीरामकाकांबरोबर, या बाजूला आल्या आणि पाटी वाचून गाडी आत घ्यायला लावली. हरणं बघितली, आणि डगला विचारलं की कुणाच्या वाढदिवसाला आमच्याकडून यांना चारा देता येईल का.

डगला कळेना. "वाढदिवस कुणाचा? हरणाचा?"

"नाही हो, माणसाचा. आमच्याकडे गोशाळेत देतात तसं."

गोशाळा म्हणजे काय ते डगला शेवटपर्यंत समजलं नाही, पण गिऱ्हाईक त्याला बरोबर समजतं. तो लगेच हो म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शॉमबर्गच्या निम्म्या मराठी मंडळींनी आपापले वाढदिवस आणि आईवडिलांची वर्षश्राद्धं माझ्या पोटात ओतली होती. डगनं एक फळाही लावला. 'आजचा मका: आन्याच्या कुटुंबाकडून.' ही आन्या म्हणजे निमिषची मुलगी. निमिष पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, काकूंच्या शेजारचा. त्यालाही काकूंनीच इथं आणलं. सगळ्यांना त्यांनीच आणलं.

त्याच वर्षीच्या वसंतात बब्या जन्मला. डग पाडसांना आईपासून लवकर तोडतो आणि बाटलीवर वाढवतो. बाटलीवरचं पाडस माणसाला बिचकत नाही. डगनं त्याच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला आणि नंबरानं हाक मारायला लागला. काकूंनी बाटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "काय बापा, इतका सुंदर जीव आणि नंबर? हा बब्या."

आता माझी तक्रार ऐका. बाटली सुटली, बब्या मक्यावर आला. मका कुणाचा? माझा. डग माझ्या पोटातून बादली भरायचा, त्यातला पेलाभर काकूंना विकायचा, आणि काकू तो तळहातावर घेऊन जाळीशी उभ्या राहायच्या. तोच दाणा मी त्याच्या पायाशी उधळत होतो. फुकट. तो मात्र माझे दाणे ओलांडून जायचा आणि काकूंचा तळहात चाटत बसायचा, संपल्यावरही. माल माझा आणि नाव त्यांचं. तुम्ही कधी दुकान चालवलं असेल तर तुम्हाला हे समजेल. माझ्या पत्र्याला आतून गंज धरला तो पावसानं नव्हे.

त्या आल्या की मी मुद्दाम कान टवकारून ऐकायचो. आज आजारी पडतील, आज काका म्हणतील पुरे झालं. काका म्हणायचेही. "पोटची पोरगी तिकडं दूर क्युपर्टिनोला, तिला फोन करायचा सोडून इथं बब्याला गोंजारतेस."

"केया फोन उचलत नाही. हा येतो तरी," काकू म्हणायच्या.

काकूंनी पंधरा दिवसांनी यायचं आणि मी रोजचा. तरी त्यांना बघून तो उड्या मारायचा. मला बघून कधी एकही उडी नाही.

बब्या वाढला. शिंगं अशी फुटली की दोन झाडं डोक्यावर घेऊन चालल्यासारखा दिसायचा. तेव्हापासून डगची नजर बदलली. आधी तो त्याच्या डोळ्यांकडे बघायचा, आता डोळ्यांच्या वर बघायला लागला. मग एका सप्टेंबरात त्यानं बब्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानातला बिल्ला कापून काढला आणि त्याला मागच्या रानात सोडलं. काकूंना सांगितलं, "मोठ्या जंगलात सोडला. आता तो मोकळा आहे."

काकूंचे डोळे भरून आले. पुढच्या खेपेला पेढे घेऊन आल्या, बब्या सुटला म्हणून. डगनं तीन खाल्ले आणि म्हणाला, चीज छान आहे.

मागच्या रानात बब्या दुसऱ्या कुठल्याच फीडरकडे जाईना. आवाज ओळखीचा नव्हता. म्हणून डगनं मला उचलून तिकडं नेलं. मी फिरलो मात्र, आणि बब्या झाडीतून सरळ माझ्यापाशी आला. काय सांगू तुम्हाला. इथं जाळी होती पण काकू नव्हत्या. आता हा माझा एकट्याचा, मी म्हटलं.

माझ्या समोर एक मचाण होतं. मचाण म्हणजे लाकडी खोलीच, चाकाच्या खुर्च्या आणि हीटर असलेली, बोललेलं ऐकू येईल इतकी जवळ. पहिल्या दिवशी तिथं माणसं बसली तेव्हा मला वाटलं, माझा धंदा बघायला आलीत. मी फिरलो, एक तरणा नर आला, दाणे टिपायला मान खाली घातली, आणि मचाणातून आवाज झाला. तो पुन्हा उठला नाही.

मग कळलं मी कसलं दुकान मांडून बसलोय. इथं गिऱ्हाईक मीच बोलवायचं आणि तेच विकलं जायचं. डगकडं नरांच्या फोटोंची यादी असते. शिंगं जितकी मोठी तितका भाव. एकदा एक जण हर्नडनहून आला होता. त्यानं विचारलं, "माझ्या मीटिंगच्या आधी होईल ना?" डगनं खिशातला रिमोट दाबला. मी अवेळी फिरलो, हरणं अवेळी आली, तो मीटिंगला वेळेवर पोचला. दुसऱ्या एकानं फोटोआधी मेलेल्या नराच्या तोंडातून मक्याचे दाणे बोटांनी काढले. रानातला दिसला पाहिजे म्हणून. बिल्लाही त्याचसाठी कापतात.

ऑक्टोबरात निमिष आला. त्याचं प्रोजेक्ट चांगलं झालं म्हणून बॉसनं खूश होऊन सगळ्यात मोठ्या शिंगांचा नर त्याच्या नावानं बुक केला होता. बॉसनं स्वतःचा सकाळीच मारला आणि लॉजवर जाऊन बसला. निमिषला नाही म्हणता आलं नव्हतं. बॉसला नाही म्हणायचं हे आपल्या लोकांना कुठल्या व्हिसावर जमतं सांगा. आणि त्याच्याबरोबर मचाणात, डोक्यावर शिकाऱ्यांची केशरी टोपी घालून, शुभाकाकू. शिकार डगच्याच रानात आहे हे कळल्यावर हट्टानं आल्या होत्या.

"काकू, तुम्ही घरी थांबायला हवं होतं यार," निमिष म्हणत होता. "ही वाइल्ड हरणं आहेत. तुमचा बब्या नाही यात."

"नसला तर चांगलंच. तुला कुठलं मारायचं ते मार, मी कोण सांगणार. माझ्या बब्याला सोडून. मी ओळखीन त्याला."

"जाळीत एवढी हरणं. कसा ओळखणार?"

"आन्याला शाळेच्या दारात तू कसा ओळखतोस?"

डगला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि रिमोट दाबला.

मी फिरलो. बब्या आला.

उतरतं ऊन त्याच्या शिंगांवर होतं. कानात बिल्ला नाही, मान हिवाळ्यासाठी फुगलेली, डोक्यावर ते झाड. काकूंनी डोळे बारीक केले. त्यांना ओळखता येईना. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बघा, म्हटलं, पंधरा दिवसांनी येणाऱ्याची ओळख किती टिकते ती. निमिषनं बंदूक खिडकीवर टेकवली.

"थांब नं," काकू म्हणाल्या. मग हळूच, जाळीशी म्हणायच्या तसं, "बब्या?"

त्यानं मान वर केली. तोंडातले दाणे गळले. माझ्या भोवतीचा सगळा मका तुडवत तो चालत निघाला, पळत नाही, लपत नाही, थेट मचाणाकडं, बंदुकीच्या नळीच्या रेषेत. मचाण बसकं होतं. त्यानं खिडकीशी येऊन मान उंचावली आणि नाक आत घातलं. निमिषनं नळी घाईनं बाजूला ओढली. काकूंनी हात पुढं केला.

डगनं पुन्हा रिमोट दाबला. मी फिरलो. पुन्हा दाबला. आयुष्यात उधळला नव्हता इतका मका मी त्या संध्याकाळी उधळला; पार तळ दिसेपर्यंत. बब्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि ऐका, काकूंच्या हातात काही नव्हतं. एक दाणा नाही. रिकामा तळहात तो चाटत होता. भरलेलं दुकान सोडून गिऱ्हाईक रिकाम्या दुकानात गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"याहून सोपा नेम मिळणार नाही," डग म्हणाला.

निमिषनं बंदूक खाली जमिनीवर ठेवली. "मी बॉसला सांगतो नेम चुकला म्हणून."

"चुकला म्हणून नको," काकू म्हणाल्या. "मारला नाही म्हणून सांग." आणि डगकडं वळल्या. "तुम्ही म्हणालात तो मोकळा आहे."

डग वाईट माणूस नाही. तो शांतपणे बोलला. "मॅडम, तुमच्या वाढदिवसांच्या मक्यात एक आठवडा निघतो. वर्षाचे बाकीचे आठवडे कोण खायला घालतं असं वाटलं तुम्हाला? या खुर्चीत बसणारे. आणि माणसं चांगली असतात हे त्याला मी नाही शिकवलं. ते तुम्ही शिकवलंत."

बब्या चाटतच होता. मग काकूंनी विचारलं, "मी विकत घेतला तर?"

"जिवंत हरीण फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. रोगाची भीती, नियम आहे. जाईल ते मेलेलं."

"आज मारला नाही तर?"

"शनिवारी दुसरा शिकारी येईल."

तेव्हा काकूंनी जे केलं, त्याला मी व्यापारी म्हणून मुजरा करतो, जळत जळत का होईना. त्या म्हणाल्या, "तुम्ही विकता ते शिंगांच्या मापानं नं? मग मला शिंगंच विका. कापून द्या. बाकीचा बब्या तुमच्याकडेच राहू दे, पुढच्या कुंपणात."

डग हसला. मग हसायचा थांबला. वाळलेली शिंगं कापताना हरणाला दुखत नाही, आपली नखं कापावी तसं; तो मारामाऱ्या करणाऱ्या नरांची दरवर्षी कापतोच. बॉसनं भरलेले पैसे त्याच्याकडं होतेच, उरलेले काकूंनी द्यायचे ठरवले. शिंगाविना त्या नराला शनिवारी कुणी विचारणार नव्हतं.

सकाळी शिंगं उतरवली. गाडीच्या डिकीत ती मावेनात. श्रीरामकाका म्हणाले, "गराजमध्ये बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरशेजारी ठेवू. कुणी विचारलं तर सांगू, हिनं बागेत लावलीत." काकू हसल्या नाहीत. डग निरोपाला हात हलवत म्हणाला, "पुढच्या वर्षी नवी येतील. भेटूच." काकूंचा चेहरा तेव्हा उतरला. शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी उगवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ तेव्हा कळला असावा. डगला जन्माचं गिऱ्हाईक मिळालं.

बब्या आता पुढच्या कुंपणात आहे. बोडका दिसतो, असं मका भरायला येणारा डग बायकोला फोनवर सांगत होता. काकू आता दर रविवारी येतात म्हणे. मी इथंच मागं. खारींनी माझी वायर कुरतडलीय, चकती अडखळते. दोघांचाही हेवा वाटतो मला, खोटं कशाला बोलू. त्याला नाव मिळालं. काकूंना तो मिळाला.

आणि शनिवार चुकला नाही. माणूस आला, मचाणात बसला. मी फिरलो. एक दुसरा नर आला, कानाला बिल्ल्याचं ताजं भोक, डोक्यावर बऱ्यापैकी शिंगं. मला वाटलं, कुणीतरी हाक मारील. पण त्याच्या नावाची हाक नव्हती कुणापाशी. मचाणातून आवाज होईपर्यंत तो माझ्यापाशीच थांबला. बब्यानंतर शेवटपर्यंत माझ्यापाशी थांबलेलं माझं ते पहिलं गिऱ्हाईक, कारण त्याला दुसरीकडं जायला जागाच नव्हती. मला जे हवं होतं ते मला तेव्हा मिळालं.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत. नका देऊ. एवढं मात्र करा. उद्या मुलीच्या वाढदिवसाला इथं येऊन पोतंभर मका द्याल, फळ्यावर नाव बघून बरं वाटेल. घरी जाऊन जमाखर्च लिहायला बसाल, तेव्हा जमेला पुण्य लिहा, हरकत नाही. पण खर्चाला तो शनिवारचा नरही लिहा. त्याला नाव नव्हतं, तर जागा कोरी सोडा. ओळ मात्र गाळू नका.