खंडेनवमीची अंघोळ

मी एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. हसताय ना? हसा खुशाल. मला पहिल्यांदा बघणारे सगळे हसतातच, कारण माझी लांबी जेमतेम एक वीत आहे आणि मी बदलापूरच्या कात्रपमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात राहते. मला पेट्रोल लागत नाही. माझं दार उघडत नाही. पण मित्रांनो, टायरवरच्या नक्षीपासून डॅशबोर्डवरच्या मोहरीएवढ्या काट्यांपर्यंत माझं सगळं अंग खऱ्या गाडीच्या बरोबर चोविसाव्या हिश्शाचं आहे. या गोष्टीचा मला भारी गर्व आहे आणि तो लपवायची मला सवय नाही.

माझा जन्म झाला तो खोक्यात. एकशे अठरा तुकडे, प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले, आणि सोबत एक नकाशा. गुरुदत्त नावाच्या गृहस्थांनी मला मुंबईच्या एका दुकानातून आणलं. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमचे अधिकारी होते. मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत मोजणारा माणूस! त्यांनी खोकं उघडलं, प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवलं, आणि परत बंद करून मला माळ्यावर ठेवून दिलं. पुढची चौदा वर्षं मी तिथेच. माझ्यानंतर आलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाड्या बनल्या, लोकांना भेट म्हणून गेल्यासुद्धा. मी आपली जुन्या सुटकेसखाली दबलेली. मला फार राग यायचा. वाटायचं, या माणसाला माझी किंमतच नाही.

नंतर कळलं की उलट होतं. मला त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

त्याचं कारण असं. गुरुदत्त नऊ वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले होते. देवळाबाहेर एक उघडी, मलईच्या रंगाची, बुटकी गाडी उभी होती. कुठला तरी घाट उतरून आलेली, नखशिखांत धुळीने माखलेली. तिचे मालक, एक टक्कल पडलेले साहेब, शहाळं पीत उभे होते. ते पोराला म्हणाले, "बसतोस?" पोरगं मिनिटभर स्टिअरिंग धरून बसलं. उतरल्यावर त्याने काय करावं? मागच्या डिकीवरच्या धुळीत बोटाने आपलं नाव लिहिलं, 'गुरु'. वडिलांनी हात उगारला. साहेब म्हणाले, "राहू द्या हो. मुंबईपर्यंत जाऊ दे त्याचं नाव." आणि गाडी निघून गेली.

ती गाडी परत कधी दिसली नाही. वडीलही पुढे लवकर गेले. राहिली ती एवढीच आठवण, आणि ती स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करायची म्हणून गुरुदत्तांनी मला खरेदी केलं होतं. लखलखीत गाडी नको, तीच धुळीची गाडी हवी. आधी इतर गाड्यांवर हात बसवून घ्यायचा आणि नोकरी संपली की निवांत मला घ्यायचं, असा त्यांचा बेत.

नोकरी संपली, आणि त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, औषध चालू ठेवा, वाढत जाईल. गुरुदत्तांनी घरी येऊन चप्पल काढली आणि सरळ माळ्याला शिडी लावली.

मित्रांनो, पुढचे अकरा महिने त्यांनी माझ्यात जीव ओतला. सकाळची गोळी घेतली की दोन तास हात बरा असायचा. त्या दोन तासांत काम. कटरने तुकडा सोडवायचा, पाण्यात बुडवलेल्या पॉलिशपेपरने घासायचा, रंगाची फवारणी करायची, वाळू द्यायचा, पुन्हा घासायचा. माझ्या सीटचं कातडं उल्हासनगरहून आलं. त्यांचा जुना मित्र राजरत्न तिथे जीन्सच्या कारखान्यात कटिंग करतो, त्याने पँटीच्या मागे लावायच्या लेबलांचे उरलेले तुकडे दिले. सीटबेल्टचे बक्कल गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदातून कापले. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून, ताणून, केसाएवढी बारीक करून माझी एरियल केली. एरियल तर सात वेळा मोडली. सातव्यांदा ते खुर्चीत मागे टेकले आणि स्वतःच्या हातालाच म्हणाले, "अरे, थोडे दिवस थांब की रे माझ्यासाठी!"

त्यांची बायको, मालिनीबाई, हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायच्या. टेबलाजवळ मात्र यायच्या नाहीत. त्यालाही कारण होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी हौसेने हे टेबल आवरलं होतं, आणि तेव्हाच्या गाडीचा गिअरचा दांडा केरात गेला होता. गुरुदत्त इतके ओरडले होते की शेजारचे बाहेर आले. मालिनीबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, "आजपासून तुमच्या या पसाऱ्याला मी बोट लावणार नाही." चौतीस वर्षं त्यांनी ते पाळलं. रंगाच्या वासाने डोकं उठायचं, तेव्हा खिडकी उघडायच्या, पण टेबलाकडे पाठ करून.

शेवटी धूळ! पालेगावला नवीन इमारती होतायत, तिथून गुरुदत्तांनी मूठभर माती आणली. ती वाटली, जुन्या ओढणीतून तीनदा चाळली आणि मऊ ब्रशने माझ्यावर बसवली. चाकांच्या मागे जास्त, दारावर कमी, काचेवर वायपरची अर्धगोल खूण. मग सुईच्या टोकाने डिकीवर नाव. अर्ध्या नखाएवढ्या जागेत दोन अक्षरं! हात उडायचा, रेघ वाकडी जायची, की धूळ पुसून पुन्हा पसरायची. चौथ्या दिवशी जमलं. त्यांनी फोटो काढला, राजरत्नला पाठवला, आणि एकटेच रडले. मला त्या दिवशी वाटलं, जगात माझ्यासारखी गाडी नाही. वरून वार्निशचा हलका फवारा मारून ती धूळ पक्की करायची तेवढी बाकी होती. पण हात फार थकला होता. म्हणाले, दसरा होऊ दे, मग मारू.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आपल्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून पुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. गुरुदत्त झेंडू आणायला स्टेशनजवळच्या बाजारात गेले. मालिनीबाईंनी खाली जाऊन स्कूटर धुतली, वर येऊन शिलाई मशीन पुसलं, विळी, सुऱ्या, स्कूटरचे पाने मांडून ठेवले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्या कधी नव्हे त्या टेबलाजवळ आल्या, वाकल्या.

"अगंबाई! किती धूळ बसलीय हिच्यावर." आणि मग अगदी हळू, "हात थरथरतात ना, पुसायला भीती वाटत असेल बिचाऱ्यांना."

मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे? त्यांनी मला दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला उचलावं तसं उचललं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. इतक्या मायेने धूत होत्या की काय सांगू! माझी धूळ मोरीच्या जाळीतून गेली. नाव गेलं. एरियल मोडून पाण्याबरोबर गेली, ती त्यांना दिसलीसुद्धा नाही. मग कोरड्या फडक्याने पुसून माझ्या बॉनेटवर ओली हळद लावली, कुंकू लावलं. हळद रंगात मुरली. तो पिवळा डाग आजही आहे.

गुरुदत्त पिशवी घेऊन दारात आले.

"अहो, बघा तरी! कशी लखलखतेय तुमची गाडी. मी धुतली!"

ते तिथेच उभे राहिले. हाताच्या कापण्याने पिशवी वाजत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या लहान मुलीसारख्या खुशीत होत्या, ओल्या हातांनी, कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारत.

"छान," ते म्हणाले. "छान झालीय गं." आणि पाणी मागितलं.

दुपारी मालिनीबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी मातीची डबी काढली. ब्रश बुडवला. पण हात काही केल्या ऐकेना. ब्रश माझ्या काचेवर आपटला, माती टेबलावर सांडली. दोनदा, तीनदा केलं. मग त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. आता तर चहाचा कपही दोन हातांनी धरतात.

आधी मला मालिनीबाईंचा संताप आला होता. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून त्यांच्यात एक बदल झाला. दर शुक्रवारी कपाट उघडायच्या, ओल्या फडक्याने मला पुसायच्या, माझ्याशी बोलायच्याही. "काय गं बये, आज चाकात केस कुठून आला?" चौतीस वर्षांचा अबोला सुटला होता. घरी कुणी आलं की मला दाखवायच्या. "यांनी बनवली, पण चकचकीत मी ठेवते हं!" गुरुदत्त मान डोलवायचे. आणि मित्रांनो, मी शुक्रवारची वाट बघायला लागले.

या वर्षी गणपतीला राजरत्न आला. कपाटाशी गेला आणि दणक्यात म्हणाला, "अरे गुरू, धूळ कुठे गेली यार? फोटोत काय कडक दिसत होती! मागे नाव लिहिलेलं, ते पण गायब?"

गुरुदत्तांनी डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. मालिनीबाई मोदकांची ताटली घेऊन मागेच उभ्या होत्या.

"कसली धूळ, भाऊजी?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. "हे बघा ना वहिनी. ही मिट्टी लावायलाच ह्याला आठवडा लागला." आणि शिवमंदिराची सगळी गोष्टही सांगून टाकली. मालिनीबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग ताटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या ना भाऊजी, गरम आहेत."

राजरत्न गेल्यावर त्यांनी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"चौतीस वर्षांनी पहिल्यांदा हात लावलास तिला. कसं सांगणार होतो?"

"वर्षभर मी येईल त्याला सांगत बसले, मी चकचकीत ठेवते म्हणून. आणि तुम्ही ऐकत बसलात!" त्यांचा आवाज फाटला. "एकदा ओरडला असतात तरी चाललं असतं हो मला."

गुरुदत्त त्यांना समजवायला लागले. गाडी आता अशीच आवडते, म्हणाले. ते खरंही होतं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्या शुक्रवारी कपाट उघडलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. मालिनीबाईंनी स्कूटर पुजली, मशीन पुजलं, विळीला फूल वाहिलं, आणि माझ्यासमोरून सरळ पुढे गेल्या.

"मालिनी, गाडी राहिली," गुरुदत्त म्हणाले.

"राहू दे."

मग ते स्वतः उठले. कपाटाचं दार उघडायलाच त्यांना किती वेळ लागला! त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि माझ्याकडे आणलं, पण बोट भलतीकडेच जात होतं. हळद काचेवर लागली, सीटवर सांडली, कुंकवाची वाटी कलंडली. झेंडूचं फूल दोनदा खाली पडलं. ते दाराकडे वळून म्हणाले, "ये ना गं. धर जरा माझा हात."

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराने हात पुसत होत्या, पुसतच होत्या. "नको. माझ्या हातून परत काहीतरी बिघडेल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते कुंकू अजून माझ्या सीटवर तसंच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही बनवत असेल तर हात लावण्याआधी विचारा, हे तर खरंच. पण कुणी प्रेमाने तुमची वस्तू बिघडवली, तर त्याच दिवशी सांगा, भांडा, रडा आणि मोकळे व्हा. वर्षभर 'छान, छान' म्हणू नका. आणि कधी कात्रपला आलात, आमच्या घरी चहाला थांबलात, तर माझी वाहवा नका करू. मालिनीबाईंना एवढंच म्हणा, "काकू, गाडी फार मळलीय हो, जरा पुसता का?" एरियलसारखा त्यांनी एखादा आरसाही मोडला तरी चालेल. मी हूं की चूं करणार नाही.